देवळाच्या भिंतीतली पाटी आणि बसऱ्याला गेलेले पणजोबा

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलाची परीक्षा आहे. काल संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्याची उजळणी घेत होते. "पहिल्या महायुद्धाची कारणे सांग." त्याने धडाधडा सांगितली. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणजे साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. मी म्हटलं शाब्बास. तर तो म्हणाला, "आई, पण मग आपले खापरपणजोबा का गेले? त्यांचा ऑस्ट्रियाच्या युवराजाशी काय संबंध?"

पोळी तव्यावर करपली. मला उत्तर देता आलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. गावातल्या देवळाच्या सभामंडपात उजव्या हाताला संगमरवराची एक लहान पाटी भिंतीत बसवलेली आहे. तिच्याच वर खिळ्याला भजनी मंडळाचा मृदंग टांगतात. पाटीवर इंग्रजीत कोरलंय. अर्थ असा, की या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. ते दोन्ही 'अमुक' मला आजतागायत वाचता आलेले नाहीत, कारण दर जत्रेला भिंतीबरोबर पाटीलाही ऑइलपेंट बसतो आणि आकडे बुजून गेलेत.

त्या आकड्यांत माझे पणजोबा आहेत. घरात एवढंच माहीत, की ते "बसऱ्याला गेले". वय बावीस-तेवीस. माझे आजोबा तेव्हा पाळण्यात होते. सुरुवातीला मनीऑर्डरी यायच्या, पोस्टमन अंगणात बसून मजकूर वाचून दाखवायचा. मग यायच्या बंद झाल्या. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही, काहीच नाही. पणजी सासूसमोर कुंकू लावायची आणि ओढ्यावर धुणं घेऊन जाताना पदराने पुसायची, कारण तिथल्या बाया विचारायच्या, "कुणाच्या नावानं लावतीस गं?" हे आजोबांनी मला सांगितलं. त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेलं. कारण पणजीही पुढे मानमोडीच्या तापात गेली आणि आजोबा कराडकडे मामाच्या घरी वाढले.

आणखी एक. गावच्या घरी एक जड थाळी आहे, पितळेची वाटते. बशीपेक्षा थोडी लहान. त्यावर सिंह आणि उभी बाई. माझी आजी ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवायची, आता वहिनी ठेवते. वडील म्हणतात तो "लढाईचा सरकारी बिल्ला" आहे. एवढा मोठा बिल्ला कोण लावणार छातीवर?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. पणजोबा तिकडे नेमके कशासाठी गेले, त्यांची खबर का आली नाही, आणि ती थाळी कसली आहे? मुलाला खरं उत्तर द्यायचंय.

---

निवृत्त मास्तर | रविवार, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या मुलाने माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलाय. त्याला माझ्याकडून सांगा.

त्याने पाठ केलेली कारणं चुकीची नाहीत. पण ती वाचून असं वाटतं, की युरोपात दारूचं कोठार भरलेलं होतं, २८ जून १९१४ ला गाव्ह्रिलो प्रिन्सिपने ठिणगी टाकली आणि भडका उडाला. तसं झालेलं नाही. खून झाला त्या दिवसापासून ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरेपर्यंत ३७ दिवस गेले. त्या ३७ दिवसांत माणसं निर्णय घेत होती. जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं, तुम्ही काय ते करा, आम्ही पाठीशी आहोत. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला असा खलिता दिला की तो जसाच्या तसा मान्य होऊच नये. रशियाने फौजा गोळा करायला सुरुवात केली. जर्मन सेनापतींची योजना अशी, की रशियाची जमवाजमव पुरी व्हायच्या आत बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला लोळवायचं, आणि ती सगळी योजना रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली. एकदा गाड्या सुटल्या की थांबवायची कुणाची तयारी नव्हती. थांबायची संधी प्रत्येकाला होती. ज्याने त्याने दुसऱ्याने थांबावं अशी वाट पाहिली. माझ्या मते पुस्तकात छापायला हवं ते हे.

पण यातलं काहीही साताऱ्यापर्यंत पोहोचत नाही, हे तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर. साताऱ्यापर्यंत पोहोचतं ते तेल.

ब्रिटिश आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर आणायचं काम तेव्हा चाललेलं होतं. तेल इंग्लंडात नव्हतं, ते इराणात होतं. तिथून नळाने येऊन शत्त-अल-अरब नदीच्या काठी आबादानच्या कारखान्यात शुद्ध व्हायचं. १९१४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घ्यायचं ठरवलं. नदीच्या पलीकडे तुर्कांचा मुलूख, म्हणजे आजचा इराक, आणि बसरा त्यात. आता तारखा बघा. तुर्कस्तानशी ब्रिटनचं युद्ध जाहीर झालं ५ नोव्हेंबरला. पण हिंदुस्थानी फौजेची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरातून निघाली १६ ऑक्टोबरला! जवळजवळ तीन आठवडे आधी. बहारीनजवळ जहाजात बसून ती वाट पाहत राहिली. ६ नोव्हेंबरला नदीच्या मुखाशी फाओला उतरली, २२ ला बसरा घेतलं. त्या पहिल्या तुकडीत ११७ वी मराठा पलटण होती. पुढे अख्खी सहावी डिव्हिजन तिकडे गेली. तिचं नाव होतं पूना डिव्हिजन.

हिंदुस्थान युद्धात उतरतोय हे व्हाइसरॉय हार्डिंगने जाहीर केलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं असं त्याला वाटलंही नसावं.

आणि तुमचे पणजोबा व्यक्तिशः का गेले म्हणाल, तर शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. कोरडवाहू रान, सावकाराचं देणं, घरात खाणारी तोंडं. त्या भागातल्या तरुणाला दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. गिरणीत छाती खराब व्हायची, पलटणीत मान होता आणि पैसा घरी यायचा. मुलाला सांगा, खापरपणजोबांचा युवराजाशी काही संबंध नव्हता. संबंध मनीऑर्डरीशी होता.

---

सुभेदार (नि.) | रविवार, दुपारी १:०५

जय हिंद ताई.

आधी एक काम करा. वहिनींना फोन लावा आणि त्या बरणीवरचं झाकण उतरवायला सांगा. आत्ता.

ती थाळी नाही आणि बिल्लाही नाही. ब्राँझची चकती आहे, साधारण बारा सेंटिमीटरची. महायुद्धात जो मेला त्याच्या घरच्यांना ती सरकारकडून यायची. उभी बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात पानांचं कडं. मोठा सिंह तिच्यापुढे. अगदी खाली नीट बघा, एक छोटा सिंह गरुडाला फाडतोय, तो गरुड म्हणजे जर्मनी. कडेने इंग्रजीत गोल लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ "तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला". आणि उजवीकडे सिंहाच्या वर एक चौकट असते. त्या चौकटीत तुमच्या पणजोबांचं नाव असणार. हुद्दा नसतो. जनरल असो का शिपाई, सगळ्यांचं नुसतं नाव. ही एकच गोष्ट त्या लोकांनी सगळ्यांना सारखी दिली.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली. बेळगावला रिक्रूट होतो तेव्हापासून कूतचं नाव ऐकत आलोय. तुमच्या घरच्या गोष्टीवरून, मनीऑर्डरी अचानक बंद आणि पुढे काहीच खबर नाही यावरून, मला ते कूत वाटतंय. खात्री पदकावरून होईल. चांदीचं गोल पदक घरात असेल तर त्याची कड बघा, नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.

कूत-अल-अमारा हे तैग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. १९१५ च्या सप्टेंबरात जनरल टाउनशेंडने ते घेतलं. तिथे थांबायचं होतं. पण वरच्यांना बगदाद दिसायला लागलं. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली, तिथे एवढी माणसं पडली की पुढे जाणं शक्य नव्हतं. मागे हटत परत कूतला आले आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. आत आपल्या तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. यातली १०३ म्हणजे आजची आमची जंगी पलटण.

वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. जवळजवळ पाच महिने. रेशन उतरत गेलं. घोडी, खेचरं कापून खायला सुरुवात झाली, तेव्हा आपल्या बऱ्याच पोरांनी घोड्याचं मांस नाकारलं. घरी कळलं तर जातीत घेणार नाहीत ही भीती. त्यामुळे ताजं काहीच पोटात जाईना, हिरड्या सुजून रक्त यायचं, उभं राहवत नसे. नदीकाठचा पाला, गवत उकडून खाल्लंय त्यांनी. ताई, मी स्वतः सियाचीनला डबाबंद खाऊन दिवस काढलेत, पण पोटात भूक, समोर शिजलेलं मांस, आणि मनात गावची पंगत, हे मला विचार केला तरी झेपत नाही. शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं, पण तोवर शरीरं संपली होती. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची वीस हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली. विमानातून पोती टाकली. रसद भरून एक आगबोट पाठवली, ती तुर्कांनी पकडली.

शरण आले तेव्हा तेरा हजारांच्या आसपास माणसं होती, त्यांत हिंदुस्थानीच जास्त. साहेब लोकांना वेगळं काढलं. शिपायांना उन्हातून चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे नेलं. आपली बहुतेक माणसं रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावली. वाटेत किती पडले त्याची नोंद ठेवणारं कोण होतं? म्हणून खबर आली नसणार. जो वाटेत बसला तो तिथंच राहिला.

बसऱ्याला एक स्मारक आहे, ४०,००० हून जास्त माणसांचं. १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात हलवलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरलेली आहेत. आपल्या शिपायांची नाहीत. अमुक पलटण, इतके, असा नुसता आकडा. हे जेव्हा मला कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून म्हणतो, ते झाकण उतरवा.

---

कृष्णाकाठची | रविवार, दुपारी २:३०

काका, वहिनीला फोन केला. तिने चकती उतरवून चिंचेने घासायला घेतली होती, मी ओरडले, तशीच ठेव म्हटलं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे गावी जातोय. पदक घरात नाही. दुष्काळात चांदी म्हणून मोडलं असावं असं वडील म्हणतात.

मास्तर, काका, दोघांचेही प्रतिसाद मुलाने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना तो उठून गच्चीत गेला.

---

निळी शाई | रविवार, रात्री ९:५०

ताई, राग मानू नका, पण पाटीचा विषय निघालाय म्हणून विचारते. त्या आकड्यात महारवाड्यातली माणसं धरली आहेत का?

माझ्या आईचे आजोबा १११ व्या महार पलटणीत होते. ही पलटण जून १९१७ मध्ये उभी राहिली. त्याआधीची पंचवीसेक वर्षं महारांची भरती जवळपास बंदच होती. 'लढाऊ जाती' नावाचं एक खूळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसलं आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या कंपनीची चाकरी केली त्यांना एका फटक्यात नालायक ठरवलं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेला अर्ज धाडला, की आम्हाला सैन्यात घ्या. कुणी ऐकलं नाही. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा मात्र आम्ही लढाऊ झालो.

आणि युद्ध संपल्यावर? १९२१ पर्यंत पलटण मोडून टाकली. आईचे आजोबा गणवेश जमा करून गावी आले, आणि ज्या पाटलासमोर ते दोन वर्षांपूर्वी बूट घालून उभे राहिले होते त्याच्याच दारात तराळकीला पुन्हा हजर झाले. आजी सांगायची, ते बूट त्यांनी आढ्याला बांधून ठेवले होते. घातले कधीच नाहीत, टाकलेही नाहीत.

युद्धाचे सामाजिक परिणाम म्हणून पुस्तकात "स्त्रियांना मताधिकार मिळाला, साम्राज्ये कोसळली" असं असतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान, चारही कोसळली हे खरंच आहे. पण आमच्या घरात परिणाम झाला तो हा, की एका माणसाने दोन वर्षं माणसासारखं राहून पाहिलं आणि परत आल्यावर त्याला ते विसरता आलं नाही. त्याने मुलाला शाळेत घातलं. मुलगा बाहेर व्हरांड्यात बसून शिकला, पण शिकला. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ उजाडलं.

तुमची पाटी सभामंडपात आहे. ज्यांना त्या मंडपाची पायरी चढता येत नव्हती त्यांनी ती कशी वाचायची होती, हे माझ्या मनातून जात नाही.

---

निवृत्त मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

निळी शाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर मिळणार नाही, कारण त्या पाटीवर नावं नसतातच. पण प्रश्न योग्य आहे. रात्रभर मनात राहिला.

कृष्णाकाठच्या ताई, तुम्ही पणजीच्या मानमोडीचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे गेलात. तिथे थांबायला हवं. पणजोबा लढाईत गेले आणि पणजी तापात, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईत आधी आजारी पडले ते पोलीस शिपाई, आणि त्यांच्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. गोदीत तेव्हा फौजांची जहाजं येत-जात होती. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती मारणारी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. मग लोक शहर सोडून गावाकडे निघाले, आणि ताप त्यांच्याबरोबर आगगाडीत बसला. गिरणगाव साताऱ्या-रत्नागिरीच्या माणसांनीच भरलेलं. त्या वर्षी पाऊसही गेलेला. धान्य महाग, कापड महाग, रेल्वेच्या वाघिणी आणि रूळसुद्धा मेसोपोटेमियाला, म्हणजे त्या बसरा-बगदादच्या मुलखात, पाठवलेले, त्यामुळे धान्य असलं तरी हलवायचं कशाने? अर्धपोटी अंगावर तो ताप आला. देशात कोटीच्या वर माणसं मेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं सापडत नाही. लढाईत हिंदुस्थानचे ७४,००० च्या आसपास जवान गेले. ताप त्याच्या शेकडो पटींनी घेऊन गेला, आणि त्यांच्यासाठी पाटी कुठेच नाही.

त्याच जून महिन्यात मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली होती. माणसं द्या, पैसा द्या. टिळकांची भूमिका अशी, की माणसं देऊ, पण स्वराज्याबद्दल बोला. त्यांना मध्येच अडवलं, तेव्हा ते आणि केळकर उठून बाहेर पडले. स्वराज्याचं वचन काही मिळालं नाही. मिळाला तो मार्च १९१९ चा रौलट कायदा, म्हणजे बिनचौकशीची कैद. त्याआधी जानेवारीत मुंबईचे लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले, कारण पगारात ज्वारी येईना आणि मालकांचे नफे मात्र युद्धात फुगलेले.

आणि कूतचाही एक धागा इथे जोडलेला आहे. टेसिफोनच्या जखमींना बोटी-पडावांवर रचून, उघड्या जखमांनिशी, नदीवाटे पाठवलं होतं. त्याची चौकशी झाली, १९१७ मध्ये अहवाल आला, भारतमंत्री चेंबरलेनला खुर्ची सोडावी लागली. त्याच्या जागी माँटेग्यू आला, आणि त्या २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. माझं मत विचाराल तर तुमच्या पणजोबांसारख्यांच्या हालांनी दिल्लीचा कारभार जेवढा हलला तेवढा कित्येक अर्जांनी हलला नव्हता. त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलेलं मी वाचलेलं नाही.

---

कृष्णाकाठची | पुढचा रविवार, रात्री ९:१५

गावाहून आत्ताच आलो. पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आधी देवळात गेलो. पुजाऱ्यांना विचारून मुलाने पाटीवरचा रंग नखाने आणि ओल्या फडक्याने काढला. तासभर लागला. पहिला आकडा लागला, एकतीस. दुसरा अर्धाच निघालाय. चार आहे की सात ते सांगता येत नाही. निळी शाई, तुमचा प्रश्न मी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारला. एक जण म्हणाले, "त्यातलं कोण मोजणार तवा?" दुसऱ्यांनी मात्र बुद्धविहाराजवळच्या एका घराचं नाव सांगितलं, त्यांचाही कोणी बसऱ्याला गेला होता म्हणे. घराला कुलूप होतं, माणसं पुण्याला असतात. फोन नंबर आणलाय. बोलणार आहे.

मग घरी. वहिनीने चकती देवघरात फडक्यावर ठेवली होती. तेलाचा वास अजून येतो. काका, तुम्ही सांगितलं तसंच सगळं आहे, खालचा छोटा सिंहसुद्धा. मी ती उचलली आणि एक गोष्ट डोक्यात आली, तेव्हापासून ती जात नाही. या चकत्या युद्ध संपल्यावर आल्या. आणि पणजी १९१८ च्या तापात गेली. म्हणजे हे तिच्या हातात कधीच आलं नाही. ती मेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं, की कुंकू लावायचं की पुसायचं. चकती आली ती चार वर्षांच्या पोराच्या नावाने, आणि त्याच्या आजीने ती फडताळात टाकली.

चौकटीतली अक्षरं झिजलीत, डोळ्यांना लागत नाहीत, बोटाला लागतात. मुलाने चकती मांडीवर घेतली आणि डोळे मिटून एकेक अक्षर चाचपून मोठ्याने सांगायला लागला. मी कागदावर लिहीत गेले. वडील ऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, ते पुढे सरकून बसले. पूर्ण नाव झालं तेव्हा मी त्यांच्या कानाजवळ वाचून दाखवलं. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आडनाव.

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आडनाव चुकवलंय गं त्यांनी." आणि माझ्या हातातला पेन घेऊन कागदावर खाली बरोबर लिहिलं.